नादकाटा, गारगोटी आणि जुना बाजार

जुने मनगटी घड्याळ विकावयास निघालेला मनुष्य एक वाक्य हमखास बोलतो. ‘‘बाकी सर्व ठीक आहे, फक्त सेल घालायचा आहे.’’ वाक्य दिसावयास अगदी निरुपद्रवी आहे. परंतु विजेवर चालणाऱ्या जुन्या क्रोनोग्राफच्या व्यवहारात याहून महाग पडणारे वाक्य दुसरे क्वचितच असेल. सेलची किंमत ती काय! तो घातल्याने घड्याळ खरोखरच चालू लागणार असते आणि त्यामुळे त्याला कितीतरी अधिक भाव येणार असता, तर विकणाऱ्याने तो स्वतःच का बरे घातला नाही? बहुधा घालून पाहिलेला असतो, आणि घड्याळ चाललेले नसते. या एका प्रश्नाच्या मागे विसाव्या शतकातील घड्याळविद्येचा निम्मा इतिहास दडलेला आहे, आणि त्याच्या अनुरोधानेच आज या विषयाकडे पाहावे असे योजिले आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे, कारण बाजारात त्याचा बराच घोटाळा आहे. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा उतरलेले घड्याळ. क्रोनोग्राफ ही वस्तू निराळी. नेहमीची वेळ दाखवीत असतानाच, एखादी घटना घडावयास किती वेळ लागला हे वेगळ्या काट्याने मोजून दाखविणारे ते घड्याळ होय. ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणारा. १८२१ मध्ये पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतीत निकोला र्‍यूसेक या कारागिराने जे यंत्र वापरले, ते खरोखरच लिहीत असे : फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे आणि त्यावरून घोड्याला लागलेला वेळ कळे. शाई गेली, तबकडीचे फिरणेही गेले. नाव तेवढे राहिले.

किल्लीच्या क्रोनोग्राफमध्ये घड्याळाचे नेहमीचे चक्र अखंड फिरत असते. कडेचे बटण दाबताच एक दातेरी चाक त्याला जाऊन भिडते आणि मधला बारीक सेकंदकाटा धावू लागतो. पुन्हा दाबले की थांबतो. दुसरे बटण दाबले म्हणजे एक चिमुकली हातोडी हृदयाच्या आकाराच्या चकतीवर आपटते व काटा जिथे असेल तिथून शून्यावर येतो. या चकतीचे पेटंट आदोल्फ निकोल याने १८४४ साली घेतले होते, आणि आजच्या किल्लीच्या क्रोनोग्राफमध्येही तीच युक्ती आहे. सांगावयाचा मुद्दा असा की, यातील प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. तो झिजला तर कुशल घड्याळजी नवा घडवू शकतो. शंभर वर्षांपूर्वीचे असे यंत्र बंद पडले तरी ते मेले असे कोणी म्हणत नाही. ते निजलेले असते.

विजेने या चित्रात पालट केला. मनगटावरील घड्याळाला वीज प्रथम मिळाली ती १९५७ च्या जानेवारीत, अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीकडून. या घड्याळात कमानीची जागा सेलने घेतली होती, परंतु कालाचे तुकडे पाडण्याचे काम जुनेच तोलचक्र करीत होते, आणि त्याला वीज पोचविणारे बारीक तारांचे स्पर्शक वारंवार झिजत. बाजारात नवलाई गाजली, पण दुरुस्तीला आलेली घड्याळे पाहून घड्याळजी वैतागले. यात ट्रान्झिस्टर नव्हता. म्हणून जाणकार याला विजेचे घड्याळ म्हणतात, इलेक्ट्रॉनिक म्हणत नाहीत. हा भेद विक्रेत्याला माहीत नसतो, किंवा सोयीने विसरला जातो.

खरी क्रांती १९६० च्या ऑक्टोबरात झाली. बुलोव्हा कंपनीचे ‘अ‍ॅक्युट्रॉन’ प्रकट झाले. मॅक्स हेट्झेल या स्विस अभियंत्याने तोलचक्र पार काढून टाकले आणि त्याच्या जागी नादकाटा बसविला. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरी ठोकळ्यावर आपटून आपण ज्याचा सूर ऐकला, तोच नादकाटा, परंतु इंचभराहून लहान! एकच ट्रान्झिस्टर आणि केसाहूनही बारीक तारेची वेटोळी यांच्या साहाय्याने तो सेकंदाला ३६० वेळा कंप पावे. त्याला जोडलेली सूक्ष्म दांडी, सुमारे अडीच मिलिमीटर व्यासाच्या आणि ३०० दाते असलेल्या चाकाला एकेक दाता पुढे ढकली. हे घड्याळ टिकटिक करीत नाही, गुणगुणते. महिन्याकाठी एका मिनिटाहून अधिक चूक होणार नाही अशी ग्वाही कंपनीने दिली होती.

आज ज्याला असे घड्याळ घ्यावयाचे आहे त्याने ते कानाशी धरावे. सूर ऐकू आला तर वेटोळी शाबूत आहेत. तार तुटली असेल, आणि अनाडी हाताने मागचे झाकण उघडून आत नुसता स्क्रू-ड्रायव्हर लागला तरी ती तुटते, तर कोणताही सेल त्याला बोलके करणार नाही. आणखी एक खोच आहे. ही घड्याळे पाऱ्याच्या सेलसाठी बनविली होती व त्याचा दाब १.३५ व्होल्ट असे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे पुढे अनेक देशांनी त्या सेलवर बंदी घातली. आज मिळणारा चांदीच्या ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टचा असतो. या वाढीव दाबाने जुन्या अ‍ॅक्युट्रॉनची दांडी कधीकधी एकाऐवजी दोन दाते ढकलते आणि घड्याळ तासामागून तास पुढे पळू लागते. अनोळखी गिऱ्हाइकाला वाटते, यंत्र बिघडले. वस्तुतः बिघाड नसतो, जुळणी हवी असते. आणि हे ठाऊक असलेला खरेदीदार अशा वेळी भावात बराच फायदा करून घेतो.

नादकाट्याने वेळ अचूक झाली, पण त्याच्यावर क्रोनोग्राफ बसविणे कठीण होते. त्या कंपनांची ताकद फारच अल्प. तिने वेळेचे काटे फिरवावेत आणि वर पुन्हा क्रोनोग्राफच्या चाकांचे ओझे ओढावे, म्हणजे टांग्याच्या तट्टाला बैलगाडी जुंपण्यासारखे. तरीही १९७० च्या दशकाच्या प्रारंभी स्विस मंडळींनी ते करून दाखविले. तोवर हेट्झेल मायदेशी परतला होता आणि त्याने सेकंदाला ३०० कंपनांचे नवे यंत्र रचले होते. त्याच्यावर क्रोनोग्राफची चाके चढवून सिद्ध झालेले यंत्र ओमेगाने ‘स्पीडसॉनिक’ या नावाने विकले. लाँजीन, टिसो, सेर्टिना आदी कंपन्यांनी आपापली नावे घालून तेच यंत्र बाजारात आणले. आज ही घड्याळे आवडीने शोधली जातात. गंमत अशी की, मशीन तेच असताना तबकडीवरील नावाप्रमाणे भाव बदलतो. नावाला जादा पैसे मोजावयाचे नसतील, तर दुसऱ्या नावाचे तेच मशीन घ्यावे. मात्र एक गोष्ट पक्की समजावी : या मशीनची जुळणी जाणणारे हात आता जगभरात थोडेच उरले आहेत, आणि दुरुस्तीचा खर्च कित्येकदा खरेदीच्या रकमेशी स्पर्धा करतो.

१९६९ हे वर्ष घड्याळांच्या इतिहासात मोठे विलक्षण होय. हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली मिळणारा क्रोनोग्राफ बनविण्याची अनेक वर्षांची धडपड त्या एकाच वर्षी तीन ठिकाणी फळाला आली : झेनिथकडे, होयर व ब्रायटलिंग यांच्या गटाकडे, आणि जपानात सेकोकडे. किल्लीच्या यंत्राचा तो परमोत्कर्ष. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, २५ डिसेंबरला, सेकोने टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ नावाचे क्वार्ट्झचे घड्याळ विक्रीस ठेवून त्या उत्कर्षाच्या मुळावरच घाव घातला. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळच्या जपानी लहान मोटारीएवढी. स्विस कंपन्यांचे सामाईक क्वार्ट्झ यंत्र पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, आले. तंत्र त्यांच्यापाशीही होते. कमतरता होती ती ते स्वस्तात आणि लक्षावधींच्या संख्येने बनविण्याच्या तयारीची.

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. तिच्या शुद्ध स्फटिकाला वीज दिली की तो ठराविक गतीने थरथरतो. पुढे सर्वमान्य झालेली गती सेकंदाला ३२,७६८ कंपनांची. हा आकडा विचित्र भासतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मे करीत जा म्हणजे नेमका एक उरतो. हे निम्मे करण्याचे काम एका सूक्ष्म सर्किटने करावयाचे आणि दर सेकंदाला एक ठोका काट्याला द्यावयाचा, एवढेच त्याचे मर्म. एकदा कंपने मोजणे हाच घड्याळाचा धर्म ठरला म्हटल्यावर क्रोनोग्राफ त्याला जड जाईना. ज्या कामासाठी चाके, दांड्या, हातोड्या लागत, ते काम आता सर्किटमध्ये आपसूक होऊ लागले.

भावाची घसरण मात्र कल्पनेपलीकडची झाली. १९७२ मध्ये हॅमिल्टनचे ‘पल्सर’ विक्रीस आले, तेव्हा सोन्याच्या त्या घड्याळाची किंमत २,१०० डॉलर होती. बटण दाबले की काळ्या काचेत लाल आकडे उजळत, आणि सोडले की विझत; दिवे सतत तेवत ठेवण्याइतकी वीज सेलमध्ये नव्हती. १९७३ च्या जेम्स बाँडच्या चित्रपटात ते झळकले. आणि १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तसेच लाल आकड्यांचे घड्याळ प्लॅस्टिकच्या कोशात घालून २० डॉलरला विकावयास काढले! चार वर्षांत शंभरपटीने उतरलेली ऐट. ज्यांनी मोटारीच्या किमतीला इलेक्ट्रॉनिक घड्याळ घेतले होते, त्यांच्या घड्याळांना पुढे विकतेवेळी कोणी विचारीना. टेबलाच्या खणात ती पडून राहिली, किंवा मुलांच्या हाती खेळावयास गेली. आज ती दुर्मिळ आहेत याचे कारण त्यांची थोरवी नसून ही उपेक्षाच होय.

त्या घाईच्या वर्षांतील क्रोनोग्राफ पाहण्यासारखे आहेत. १९७५ मध्ये होयरने ‘क्रोनोस्प्लिट’ काढले; त्यात नेहमीची वेळ द्रवस्फटिकाच्या काळ्या आकड्यांनी दिसे, तर मोजलेला वेळ दिव्यांच्या लाल आकड्यांनी. त्याच वर्षी सेकोने केवळ द्रवस्फटिकी आकड्यांचा क्रोनोग्राफ आणला. १९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकच्या निमित्ताने ओमेगाने ‘क्रोनो-क्वार्ट्झ’ हा रुंद, आयताकृती क्रोनोग्राफ बनविला. त्याच्या एका बाजूस काट्यांची तबकडी व दुसऱ्या बाजूस आकड्यांची पट्टी, जणू क्रीडांगणावरील फलकच मनगटावर उतरला आहे. (याच ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेचीला १० गुण मिळाले, परंतु फलकावर दशांशाच्या डावीकडे एकच आकडा मावत असल्यामुळे १.०० असे झळकले. आकड्यांच्या यंत्रांना मर्यादा असतात, ही गोष्ट प्रेक्षकांना तेथेच कळली.)

या घड्याळांचा घात करणारी वस्तू तीच आकड्यांची पट्टी. द्रवस्फटिक दोन काचांच्या मध्ये सीलबंद असतो. वर्षे लोटली की सील सैल होते, कडेने काळा डाग पसरतो, आकडे फिकट पडतात. किल्लीच्या घड्याळाची तबकडी डागाळली तर जुनेपणाची शोभा म्हणून ती खपून जाते. येथे डाग म्हणजे मरण. म्हणून खरेदीच्या वेळी नुसती वेळ दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्येक आकडा सात रेघांचा असतो. सर्व रेघा उजळतात की नाही हे कळावयाचे असेल तर त्या जागी ८ येऊ द्यावा. ११ वाजून ११ मिनिटांनी दाखविलेले घड्याळ निर्दोष भासते, आणि घरी नेल्यावर आठाचा सहा किंवा नऊ होतो. छायाचित्र पाहून दूरवरून व्यवहार होण्याच्या आजच्या काळात तर विकणाऱ्याकडून ८ चे चित्र आवर्जून मागवावे.

१९८३ मध्ये एकाच वर्षी दोन परस्परविरोधी गोष्टी घडल्या. १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या घरात असलेली स्विस घड्याळ-कामगारांची संख्या ओसरत चालली होती, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तिशीच्या हजारांवर येणार होती. या संकटातून सावरण्यासाठी स्वित्झर्लंडने ‘स्वॉच’ हे ५१ भागांचे प्लॅस्टिकचे घड्याळ काढले; बिघडले तर टाकून द्यावे अशाच बेताने ते बनले होते. आणि ज्या सेकोने स्विसांवर ही पाळी आणली, तिने त्याच वर्षी काट्यांचा पहिला क्वार्ट्झ क्रोनोग्राफ आणला, तो मात्र जुन्या स्विस कारागिरीला शोभेल असा. ‘७ए२८’ हे त्या मशीनचे नाव. धातूचे भाग, १५ ज्युवेल, काट्यांसाठी चार स्वतंत्र चिमुकल्या मोटरी, आणि मुख्य म्हणजे ते उघडून, साफ करून पुन्हा जोडता येते. माझ्या मते, ज्याला पहिलाच जुना इलेक्ट्रॉनिक क्रोनोग्राफ घ्यावयाचा आहे, त्याने डोळे मिटून याच मशीनचे घ्यावे. डोळे मिटून म्हणजे, अर्थात, उघडून पाहिल्यानंतर.

काय पाहावे? बटण दाबून क्रोनोग्राफ चालू करावा, थांबवावा, शून्यावर आणावा. एखादा काटा शून्याच्या अलीकडे-पलीकडे थांबला तर घाबरण्याचे कारण नाही. किल्ली बाहेर ओढून बटणांनी तो जागेवर आणता येतो. हलतच नसेल तर मात्र सौदा थांबवावा. मागील झाकणावर कोशाचा क्रमांक आणि निर्मितीचा क्रमांक असतो. दुसऱ्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक होय व दुसरे चिन्ह महिन्याचे. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत तबकडीचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो. कोश एका घड्याळाचा, तबकडी दुसऱ्याची आणि मशीन तिसऱ्याचे असा गोतावळा बाजारात थोडा नाही.

लोभ जेथे अधिक, तेथे हा गोतावळाही अधिक. जॉर्जेटो जुजारो या इटालियन रचनाकाराने याच मशीनवर आखलेले एक घड्याळ १९८६ च्या ‘एलियन्स’ या चित्रपटात नायिकेच्या मनगटावर दिसले, आणि आज त्याच मशीनच्या साध्या भावंडांपेक्षा त्याला कितीतरी अधिक भाव येतो. ब्रिटिश हवाई दलाने आपल्या वैमानिकांना सेकोचा असाच क्रोनोग्राफ दिला होता. त्याच्या झाकणावर सरकारी खूण कोरलेली असते. पण कोरणारा काय, कालही कोरू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किल्लीचे घड्याळ जितके साधे, तितके ते दीर्घायुषी. आणि इलेक्ट्रॉनिक घड्याळ जितके पुढारलेले, तितके ते लवकर निराधार होते. १९७५ चे सर्किट आज कोणी बनवीत नाही. ज्या कारखान्यांनी ते बनविले, त्यांतील कित्येक उरलेले नाहीत. म्हणून अशा घड्याळाची दुरुस्ती म्हणजे त्याच जातीचे दुसरे बंद घड्याळ मिळवून त्याचा भाग काढून घेणे. एक जगते, त्यासाठी एक संपते. बंद पडलेल्या घड्याळांनाही बाजारात भाव असतो तो यामुळेच, आणि ‘फक्त सेल घालायचा आहे’ असे न म्हणता ‘हे बंद आहे, भागांसाठी घ्या’ असे म्हटले तरी विकणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. काय बदलले, कोणी बदलले, भाग कोठून आणला, याची चिठ्ठी घड्याळाबरोबर असेल तर तिच्यासाठी चार पैसे जादा द्यावेत. मूळ पेटीपेक्षा मला ती चिठ्ठी अधिक मोलाची वाटते. पेटी स्वतंत्र विकत मिळते.

या संदर्भात आपल्या मुंबईचे नाव परदेशी संग्राहकांत एका अप्रिय अर्थाने रूढ झाले आहे. तबकडी नव्याने रंगवून, भडक आकडे काढून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकलेल्या घड्याळाला ते ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. अशी घड्याळे बहुतेक किल्लीची असतात, आणि टीका अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. तथापि तिची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या दशकांत आपल्या घड्याळजींना स्विस तबकडी मिळणार कोठून? गिऱ्हाइकाला घड्याळ वापरावयाचे होते, मिरवावयाचे नव्हते. रंग उडालेली तबकडी रंगवून दिली यात लबाडी नव्हती, तो त्याचा धंदा होता. लबाडी सुरू झाली ती तेच घड्याळ पुढे कोणीतरी ‘अस्सल, हात न लागलेले’ म्हणून सातासमुद्रापलीकडे विकले तेव्हा. शब्द ज्याने दिला, दोष त्याचा.

आपल्याकडे मनगटी घड्याळांची मोठी निर्मिती एच. एम. टी.ने १९६१ मध्ये बेंगळुरूला, जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने सुरू केली. हैदराबादच्या ऑल्विनने सेकोशी सहकार्य केले, आणि १९८७ पासून टायटनने क्वार्ट्झ घरोघर नेले. परंतु क्रोनोग्राफ आपल्या घरांत आला तो प्रामुख्याने दुसऱ्या वाटेने : आखातात नोकरीला गेलेल्या मंडळींच्या सामानातून. गोव्यात, कोकणपट्टीत आणि हैदराबादेत अशी घरे पुष्कळ आहेत, जेथे कोणा काकांनी किंवा मामांनी आणलेला सेकोचा वा सिटिझनचा क्रोनोग्राफ कपाटात, दागिन्यांच्या डब्यात, बंद अवस्थेत पडून आहे. भंगारवाल्याने अथवा दारावर आलेल्या व्यापाऱ्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला तो देऊन टाकू नये, हे तर झालेच. पण त्याहून तातडीची गोष्ट निराळी आहे. त्या घड्याळातील मेलेला सेल कालांतराने पाझरतो, आणि तो द्रव सर्किटच्या तांब्याला व वेटोळ्यांना हिरवा गंज चढवितो. विकावयाचे असो वा ठेवावयाचे, आधी एखाद्या जाणत्या घड्याळजीकडून तो सेल काढून घ्यावा. झाकण उघडलेच आहे, तर आतील मशीनचा क्रमांकही त्याच्याकडून वाचून घेऊन कागदावर टिपावा, आणि तो कागद त्याच डब्यात ठेवावा.